लवण, गूळ आणि अर्धा शेर पाणी : बांगलादेशातील एका घरोघरच्या मोहिमेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण १९७९ ते १९९० या काळातील बांगलादेशाच्या खेड्यांमधले आहे. ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने घरोघरी स्त्री कार्यकर्त्या पाठवून मातांना जुलाबांवर मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत ही हकीकत बहुधा यशोगाथा म्हणून सांगितली जाते, आणि ती यशोगाथा आहेच. परंतु सुरुवातीच्या वर्षांत असा एक टप्पा आला होता, की शिकवणे उत्तम चालले होते, माता तपासणीत उत्तीर्ण होत होत्या, आणि तरीही आजारी मुलाच्या तोंडी ते पाणी पडत नव्हते. या अभ्यासाचा भर त्या टप्प्यावर आहे, कारण क्षेत्रीय संशोधनाविषयी जे शिकायचे ते तिथेच आहे असे मला वाटते. गावांची, कार्यकर्त्यांची आणि कुटुंबांची ओळख येथे दिलेली नाही. संस्था आणि सार्वजनिक नोंदीतील व्यक्ती तेवढ्या नावाने आल्या आहेत.

पार्श्वभूमी

पटकी किंवा तत्सम तीव्र जुलाबांत मरण ओढवते ते अंगातले पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. धडधाकट माणूससुद्धा काही तासांत शोष पडून दगावतो. तान्ह्या मुलाला तर तेवढाही अवधी मिळत नाही. शिरेतून सलाईन देणे हा उपाय जुना आणि खात्रीचा होता, पण त्याला सुई, बाटली, निर्जंतुक द्रव आणि सुई लावणारा हात लागतो, आणि पूर्व बंगालच्या खेड्यांत यांतले काहीच नव्हते.

ढाक्यात १९६० साली कॉलरा संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १९६३ पासून मतलब नावाच्या ग्रामीण भागात तिचे क्षेत्रीय केंद्र काम करू लागले. पुढे याच प्रयोगशाळेचे आयसीडीडीआर,बी या जुलाबांच्या आजारांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत रूपांतर झाले. आतड्याच्या अस्तरातून साखर आणि सोडियम जोडीने आत शोषले जातात, आणि पटकीच्या विषाने आतडे पाणी ओतत असतानाही ही जोडवाट शाबूत राहते, हे कळल्यावर उपचाराची दिशाच बदलली. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून प्यायला दिले, तर पाणी त्यांच्या पाठोपाठ शरीरात जाते. डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या रुग्णांवर हे सिद्ध करून १९६८ मध्ये प्रसिद्ध केले; तोंडावाटे द्रव दिल्याने सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली होती.

१९७१ मध्ये मुक्तियुद्धाच्या वेळी सीमेपलीकडे भारतात, बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण मोठ्या पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ज्याला आपण जलसंजीवनी म्हणतो ती आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हातूनही देता येते, याचा हा पहिला मोठा पुरावा होता, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

ब्रॅकची स्थापना १९७२ मध्ये फजले हसन आबेद यांनी केली. शेल ऑइल कंपनीतील नोकरी सोडून आलेल्या आबेद यांनी कामासाठी सुल्ला हा भाग निवडला होता. ईशान्येकडचा हा सगळा हाओरांचा मुलूख, म्हणजे बशीसारखी खोलगट पाणथळ जमीन. पावसाळ्यात शेते बुडतात, उंचवट्यावरची वस्ती बेटासारखी उरते आणि शेजारच्या पाड्यावर जायलाही नाव लागते. रात्री एखाद्या मुलाला जुलाब सुरू झाले तर दवाखाना गाठण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालकवर्ष होते. मुलांच्या जगण्यासाठी देशभर करता येईल असे एखादे काम संस्थेने हाती घ्यावे, या विचारातून जुलाबांचा विषय पुढे आला आणि त्याची पहिली चाचणी सुल्ल्यातच झाली.

अडचण नेमकी काय होती

ज्ञान तयार होते. ढाक्याच्या प्रयोगशाळेत ते पिकलेले होते, आणि त्याच देशातली मुले त्याच आजाराने मरत होती. प्रयोगशाळा आणि हाओरातले घर यांच्यामध्ये रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, आणि बहुसंख्य मातांना वाचता येत नव्हते. आठ-नऊ कोटी लोकसंख्येच्या देशात दर वर्षी प्रत्येक लहान मुलाला अनेकदा जुलाब होत, तेव्हा प्रश्न थोड्याथोडक्या रुग्णांचा नसून जवळजवळ प्रत्येक घराचा होता.

शिवाय या उपायात एक धोका होता. मीठ कमी पडले तर पाणी कुचकामी ठरते; मीठ जास्त झाले तर रक्तातले सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. ज्या घरात तराजू नाही आणि मापाचे भांडे नाही, तिथे हे प्रमाण एखाद्या निरक्षर स्त्रीच्या हातावर सोडायचे का, या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये खरा आणि प्रामाणिक मतभेद होता. मला तो मतभेद योग्य वाटतो. उपाय गरिबांसाठी आहे म्हणून त्याची सुरक्षितता ढिली ठेवावी असे कोणी म्हणू नये.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तयार पाकिटांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या काळच्या सूत्रानुसार एका लिटरला ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २० ग्रॅम ग्लुकोज लागे. पाकिटात प्रमाण चुकत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु एवढी पाकिटे बनवणार कोण, पावसाळ्यात ती हाओरात पोहोचवणार कशी, आणि घरातले पाकीट संपल्यावर मध्यरात्री आईने काय करायचे, यांना त्या वेळी समाधानकारक उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय घरच्या मीठ-साखरेचा होता. मीठ प्रत्येक घरात होते, पांढरी साखर मात्र खेड्यात महाग आणि दुर्मीळ. गूळ बहुतेक घरांत असे, स्वस्त असे आणि त्यात थोडे पोटॅशियमही असते. गुळाचा ओलावा आणि प्रत सारखी नसते, ही उणीव मान्य करून गुळावर शिक्कामोर्तब झाले. आजही हा निर्णय वाचताना मला बरे वाटते. सर्वांत शुद्ध पदार्थ कोणता यापेक्षा मध्यरात्री चुलीपाशी हाताला काय लागेल, असा विचार त्यांनी केला.

तिसरा प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा. रेडिओवरून सांगणे, गावात सभा घेणे किंवा दवाखान्यात आलेल्यांना शिकवणे हे सगळे स्वस्त मार्ग होते. घरोघरी जाऊन एकेका आईला शिकवणे हा सर्वांत महाग आणि संथ मार्ग होता. संस्थेने तोच निवडला, कारण द्रावण स्वतःच्या हाताने केल्याशिवाय हाताला माप बसत नाही, हे सुल्ल्यातच दिसून आले होते.

प्रत्यक्षात काय केले

१९८० मध्ये मोहीम सुरू झाली. थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांच्या तुकड्या तयार केल्या गेल्या. तुकडी एखाद्या गावी मुक्काम टाकी, आसपासचा भाग पुरा करी आणि पुढे सरके. एक कार्यकर्ती दिवसाला साधारण दहा घरे करी. तरुण स्त्रियांनी परगावी मुक्काम करून घरोघर पायी फिरावे, ही त्या काळच्या ग्रामीण बांगलादेशात साधी बाब नव्हती. या स्त्रियांची नावे कुठल्या इतिहासात येणार नाहीत, म्हणून त्यांच्या पायपिटीची नोंद निदान येथे करावीशी वाटते.

भेट साधारण अशी होई. कार्यकर्ती अंगणात किंवा ओसरीवर आईसमोर बसे, चित्रे दाखवून जुलाब म्हणजे काय, शोष कसा ओळखायचा, डोळे खोल जाणे, टाळू बसणे, जीभ कोरडी पडणे म्हणजे काय हे सांगे. मग घरातलेच भांडे मागून घेई, आपल्याजवळच्या मापाने त्यात अर्धा शेर पाणी ओते आणि पाण्याची पातळी जिथे येई तिथे खूण करी. शेर आपल्याकडच्याही जुन्या माणसांच्या ओळखीचा. तिकडचा अर्धा शेर म्हणजे अर्ध्या लिटरला थोडा कमी. त्यानंतर मीठ: अंगठा आणि दोन बोटे यांची चिमूट, तर्जनीच्या पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत. त्यानंतर गूळ, चार बोटांत मावेल एवढी मूठ. नीट ढवळून झाले की आईने स्वतः पहिल्यापासून सगळे पुन्हा करून दाखवायचे. ‘एक चिमटी लवण, एक मुठ गुड, आधा सेर पानी’ हे सूत्र बंगाली न येणाऱ्या मराठी माणसालाही एकदा ऐकून पाठ होईल इतके सुटसुटीत आहे.

सूत्राबरोबर लक्षात ठेवण्याचे दहा मुद्दे शिकवले जात. त्यांत द्रावण केव्हा सुरू करावे, किती द्यावे, मुलाचे खाणे आणि अंगावरचे दूध बंद करू नये, उरलेले द्रावण ठेवून न देता ताजे करावे, स्वच्छता कशी राखावी, असे सगळे येई. पुढे हे मुद्दे दहाऐवजी सात करण्यात आले, कारण दहा गोष्टी एका बैठकीत डोक्यात राहत नाहीत हे तपासणीत उघड झाले.

पहिला निर्णायक टप्पा : वेतन कशाचे द्यायचे

हजारो घरांत कार्यकर्त्या गेल्या की नाहीत, गेल्या तर नीट शिकवले की वेळ मारून नेली, हे कळणार कसे? येथे संस्थेने एक धाडसी व्यवस्था आणली. भेटीनंतर सुमारे महिन्याभराने दुसरीच व्यक्ती, जिचा शिकवण्याशी संबंध नाही, शिकवलेल्या घरांपैकी शेकडा पाच-दहा घरे यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथे जाई. ती आईला मुद्दे विचारी आणि द्रावण करून दाखवायला सांगे. त्यानुसार घराला चार दर्जांपैकी एक मिळे, आणि त्या दर्जांवरून कार्यकर्तीचे पैसे ठरत. द्रावण चुकले तर त्या घराचे काहीच नाही. द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेतही तपासले जात आणि बहुतेक नमुन्यांतले क्षारांचे प्रमाण सुरक्षित मर्यादेत असल्याचे आढळले. निरक्षर आईच्या चिमटीवर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद या नमुन्यांनी बराचसा मिटवला.

या व्यवस्थेचे गुण मोठे होते. कार्यकर्त्या आईला खरोखर येईपर्यंत जागच्या हलत नसत. सरकारी कामांत भेटींची संख्या मोजली जाते; येथे भेटीने आईच्या हातात काय उरले ते मोजले गेले. फार थोड्या कार्यक्रमांनी एवढा काटेकोरपणा दाखवला आहे.

तरीही मला एक गोष्ट बोचते. आई महिन्याभराने एखादा मुद्दा विसरली, तर त्याचा भुर्दंड साखळीतल्या सर्वांत कमी मिळकतीच्या स्त्रीला सोसावा लागे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या किंवा दहा मुद्दे एकदम कोंबणाऱ्या वरिष्ठाला नाही. किमान ठरावीक वेतन आणि त्यावर दर्जानुसार भर, अशी मांडणी अधिक न्याय्य झाली असती.

दुसरा निर्णायक टप्पा : येते, पण देत नाहीत

यानंतर खरी परीक्षा आली. मातांना द्रावण करता येते हे सिद्ध झाल्यावर संस्थेने पुढचा प्रश्न विचारला: मूल आजारी पडले तेव्हा दिले का? उत्तर हादरवणारे होते. जुलाबांच्या शंभर प्रसंगांपैकी दहांतही ते पाणी वापरले गेलेले नव्हते.

येथे दोन वाटा होत्या. एक, हा आकडा बाजूला ठेवून ‘इतक्या लाख मातांना शिकवले, इतक्या टक्के मातांना अचूक करता येते’ एवढेच पुढे मांडायचे. देणगीदार त्यावरही खूश झाले असते, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. दुसरी वाट म्हणजे मोहीम चालू असतानाच आपल्या कामाला तपासणीखाली धरायचे. संस्थेने दुसरी वाट धरली आणि खेड्यांत जाऊन लोकांशी, तसेच आपल्याच कार्यकर्त्यांशी मोकळेपणाने बोलणारे संशोधक पाठवले. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मला हाच वाटतो.

पहिले कारण घरातच सापडले. खुद्द कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. जे आपल्या गळी उतरलेले नाही ते दुसऱ्याच्या गळी उतरवता येत नाही. मातांना शब्द ऐकू येत होते आणि शब्दांमागचा संशयही जाणवत होता. मीठ, गूळ आणि पाणी, तेही फुकटात, हे औषध कसे असेल? त्यावर संस्थेने कार्यकर्त्यांना संशोधन केंद्रात नेऊन हे पाणी शरीरात काय करते ते समजावून दिले, त्यांनी स्वतः आजारी पडल्यावर आधी तेच घ्यावे असा आग्रह धरला, आणि अंगणात द्रावण तयार झाले की कार्यकर्तीने आईसमोर त्याचे घोट घ्यायचे, असा शिरस्ता पाडला. हा एक घोट मला सगळ्या चित्रांच्या पुस्तकापेक्षा मोठा वाटतो. परक्या बाईने माझ्या भांड्यातले पाणी माझ्यासमोर प्यायले, एवढ्याने विष किंवा फसवणूक यांची अर्धी भीती जाते.

दुसरे कारण पुरुषांचे. स्त्रिया घरात आणि कार्यकर्त्याही स्त्रियाच, म्हणून सगळे शिक्षण अंगणात उरकले जाई आणि घरच्या पुरुषांना त्याची गंधवार्ता नसे. मूल आजारी पडले की औषधावर पैसे खर्च करायचे की नाही, कोणाला बोलवायचे, हे ठरवणार ते. बायको मीठ-गूळ कालवताना दिसली की नवरा किंवा सासरा ‘हे काय चालवलेय’ म्हणून गावातल्या औषधविक्याकडे धाव घेई. मग बाजारात, मशिदींत, शाळांत पुरुषांशी बोलण्यासाठी वेगळे पुरुष कार्यकर्ते नेमले गेले, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीचीही जोड देण्यात आली.

तिसरे कारण भाषेचे आहे, आणि संशोधकांनी त्यावर जरा थांबून विचार करावा. कार्यक्रमाच्या कागदांत शब्द होता ‘डायरिया’. खेड्यांतल्या मातांच्या लेखी मात्र पोट बिघडण्याचे निदान चार वेगळे प्रकार होते. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याचे पातळ होणे, त्याला त्या ‘दूध हागा’ म्हणत. तो आजार मानलाच जात नसे. खाण्याने बाधणे म्हणजे ‘अजीर्ण’. कळा येऊन शेम-रक्त पडणे म्हणजे ‘आमाशा’, आपली आव. आणि ‘डायरिया’ हा शब्द त्यांनी उचलला होता तो फक्त पटकीसारख्या धो-धो पाण्यासारख्या जुलाबांसाठी. म्हणजे कार्यकर्ती सांगे, ‘डायरिया झाला की हे पाणी द्या,’ आणि आई प्रामाणिकपणे ऐके, ‘पटकी झाली की हे पाणी द्या.’ एकूण प्रसंगांत तसले जुलाब अगदी थोडे. त्यांत माता द्रावण इतर प्रकारांपेक्षा कितीतरी अधिक वापरतही होत्या! शंभरात दहाही नाहीत या आकड्याच्या पोटात हे दडलेले होते. मातांनी शिकवण झुगारली, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होते; त्यांनी ती त्यांच्या भाषेत जशी पोहोचली तशी पाळली होती.

अजीर्ण, आव, हगवण, मोडशी, पटकी हे शब्द आपल्याही घरांत वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा मानला जातो. ‘गेल्या दोन आठवड्यांत मुलाला अतिसार झाला होता का?’ असा छापील प्रश्न घेऊन मराठी खेड्यात जाणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षकाच्या वाटेत हाच खड्डा आहे. हे कळल्यावर ब्रॅकच्या शिकवणीत चारही प्रकारांची नावे घेऊन बोलणे सुरू झाले.

निष्पत्ती

१९९० पर्यंत मोहिमेने १ कोटी २० लाखांहून अधिक घरे गाठली. जवळजवळ सगळा ग्रामीण बांगलादेश. १९९० च्या दशकात ७,००० हून अधिक घरांत केलेल्या पाहणीत असे आढळले, की ७० टक्क्यांहून अधिक मातांना सुरक्षित आणि गुणकारी द्रावण करता येत होते. यांतल्या बऱ्याच माता मोहिमेच्या वेळी अगदी लहान होत्या, म्हणजे त्यांना हे आईकडून किंवा सासूकडून मिळाले होते. जुलाबांच्या सुमारे ६० टक्के प्रसंगांत तोंडावाटे द्रव दिला जात होता, आणि पाण्यासारख्या तीव्र जुलाबांत हे प्रमाण सर्वाधिक होते. शंभरात दहाही नाहीत, इथून ही मजल होती.

दरम्यान तयार पाकिटेही स्वस्त झाली आणि गावोगावच्या दुकानांत पोहोचली. पाकिटांनी गूळ-मिठाची जागा घेतली, पण त्यांच्यासाठी मागणी तयार होती ती अंगणांतल्या शिकवणीमुळे. बांगलादेशातली पाकिटे अर्ध्या लिटरची असतात, म्हणजे जवळपास त्या खुणेच्या भांड्याएवढीच. जलसंजीवनीच्या वापरात हा देश जगात आघाडीवर गणला जातो. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये जुलाब झालेल्या ६०.६ टक्के मुलांना जलसंजीवनीचे पाकीट मिळाल्याची नोंद आहे. बांगलादेशाने हा टप्पा त्याच्या बराच आधी मागे टाकला होता.

मुलांचे मृत्यू घटले, हेही खरे. पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर १९९० मध्ये हजारी १४० च्या वर होता, तो २०१५ पर्यंत ४० च्या खाली आला. परंतु त्याच काळात लसीकरण वाढले, कुटुंबे लहान झाली, मुली शाळेत जाऊ लागल्या. या घसरणीतला किती वाटा या पाण्याचा, हे सांगण्याची सोय मोहिमेच्या रचनेतच नव्हती. शिवाय रक्ती आव आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळणारे जुलाब यांवर द्रावण पुरेसे नसते. पाण्यासारख्या जुलाबांचे मृत्यू कमी होत गेले तसा उरलेल्या मृत्यूंत या दोहोंचा वाटा ठळक होत गेला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे मातांचे शब्द आधी गोळा करायला हवे होते. चार प्रकारांची ही वर्गवारी समजायला महागडे तंत्र लागत नव्हते. काही आठवडे अंगणात बसून ऐकणे लागत होते. ते सुल्ल्याच्या चाचणीतच झाले असते तर सुरुवातीच्या लाखो भेटी अधिक फळल्या असत्या. चाचणीत सूत्राची परीक्षा झाली, चिमटीची झाली, आईच्या स्मरणशक्तीची झाली, शब्दाची राहिली.

दुसरी गोष्ट मोजमापाची. पहिल्या दिवसापासून ‘येते का’ याच्या जोडीला ‘शेवटच्या आजारपणात दिले का’ हा प्रश्न तपासणीत असता, तर तफावत लवकर दिसली असती. अर्थात वापरावर वेतन बांधणे चुकीचे ठरले असते, कारण मग आईने दिले नसतानाही दिले म्हणावे यासाठी कार्यकर्तीवर दबाव आला असता. म्हणून वेतनासाठी एक माप आणि शिकण्यासाठी दुसरे, असे दोन्ही वेगळे ठेवणे हाच त्यातला मार्ग होता.

तिसरी गोष्ट तुलनेची. मोहीम सगळीकडे एकदम सुरू झाली नव्हती. जिल्ह्यामागून जिल्हा असे तिचे काम दहा वर्षे चालले. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवले असते आणि दोन्हीकडच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवली असती, तर कोणालाही उपचारापासून वंचित न ठेवता मृत्यूंवरचा परिणाम मोजता आला असता. मतलबमध्ये १९६६ पासून घरोघर जन्ममृत्यूंची नोंद चालू होती, तेव्हा असे काम करणारी माणसे आणि अनुभव त्याच देशात उपलब्ध होते. मात्र मरणारी मुले समोर असताना नोंदींच्या सोयीसाठी थांबणे किंवा क्रम बदलणे त्या लोकांना जड गेले असेल, हे मी समजू शकतो, आणि त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

चौथी गोष्ट गावातल्या औषधविक्यांची. ते मोहिमेच्या बाहेर राहिले. १९९० च्या दशकातल्या पाहणीतही दिसले, की द्रावणाच्या जोडीने गोळ्या-औषधांचा वापर भरपूर होता, आणि ती सुचवणारे बहुधा तेच होते. मूल आजारी पडल्यावर बाप ज्या दाराशी जातो, त्या दाराशी कोणी जाऊन बसले नाही. त्यांचा धंदा औषधे विकण्याचा, त्यामुळे ते सहज वळले असते असे नाही. पण पुढे पाकिटे त्यांच्याच दुकानांतून विकली जाऊ लागली. तेव्हा त्यांना शिकवून, पाकिटामागे दोन पैसे सुटतील अशी व्यवस्था करून, आव कोणती आणि साधे जुलाब कोणते हे ओळखायला लावून सोबत घेणे दहा वर्षे आधी सुरू करता आले असते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाबांत जलसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस केली. गूळ-मिठासारखी ही गोळी घरात सापडत नाही, ती दुकानातूनच आणावी लागते, आणि ती आणायला बाप पुन्हा त्याच दाराशी जातो.